सावरीला लाल कार्ड

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या क्वालिटी विभागात सगळे म्हणतात. असेल. अर्धं आयुष्य लोखंडी तुकड्यांतल्या चुका शोधण्यात गेलं की माणूस गोड कसा राहील? पण बुद्धरत्न ओव्हाळांबद्दल बोलताना मला जो राग येतो तो सवयीचा नव्हे. तो चांगला सकारण राग आहे, आणि तो निवून जाऊ नये म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

ओव्हाळभाऊ आमच्या चाकणच्या कंपनीत कॉम्प्रेसर हाउस, म्हणजे यंत्रांना दाबाची हवा पुरवणारी खोली, सांभाळायचे. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. पत्रा प्रेसखाली घालायचा, दाबायचा, आकार द्यायचा. मोठा प्रेस पडतो तेव्हा पायाखालची जमीन हलते. ओव्हाळभाऊंनी त्या प्रेसवर सगळं तरुणपण काढलं. तेव्हा कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे, तेही मागितले तर. प्रेसनं त्यांचे कान नेले. डावा पूर्ण गेला, उजव्यात थोडी धुगधुगी राहिली. समोर तोंड करून सावकाश बोललं तर ओठांवरून त्यांना कळायचं. पाठ फिरवून बोललात तर भिंतीशी बोलल्यासारखंच.

मग कंपनीनं काय केलं? त्यांना कॉम्प्रेसरवर टाकलं. तिथं इतका आवाज असतो की दुसरं कुणी टिकत नाही. ओव्हाळांना काय, ऐकूच येत नाही, मग त्रास कसला! हे मला तेव्हाच्या मॅनेजरनं हसत हसत सांगितलं होतं, मोठी सोय लावून दिल्याच्या थाटात. भरपाईच्या नावानं तोंडाला पानं पुसली. मी युनियनकडे जा म्हणून त्यांच्या मागं लागले, तर भाऊ म्हणाले, "जाऊ द्या ताई. डोळे हायत की अजून."

आम्ही दोघंही काळेवाडीचे, त्यामुळे कंपनीच्या एकाच बसनं जायचो. बसमध्ये बाकीचे मान टाकून झोपतात नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालतात. भाऊ खिडकीशी. जानेवारी सरत आला की त्यांची मान जी बाहेर वळायची, ती होळी होऊन गेली तरी आत यायची नाही. मोशीच्या पुढं ट्रॅफिक तुंबला की सगळी बस शिव्या घालायची आणि हे एकटे खूश. थांबलेल्या बसमधून एखादं झाड पोटभर बघून व्हायचं.

"ताई, बघा, बघा. आंब्याला मोहर आलाय."

"भाऊ, तो आंबा नाही. करंज आहे."

"असंल," म्हणायचे, आणि बघत राहायचे.

नावांच्या बाबतीत भाऊ अगदीच कच्चे. पळसाला पांगारा म्हणायचे, पांगाऱ्याला पळस, आणि एका वर्षी तर रस्त्याकडेच्या शिरीषाला त्यांनी चिंच करून टाकलं. माझं माहेर मावळातलं, त्यामुळे मला थोडंफार कळतं. मी शिकवायला जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी कोरी. एकदा वैतागून म्हटलं, "अहो भाऊ, इतकं बघता, मग नाव तरी नीट लक्षात ठेवा."

तर म्हणाले, "नाव इचारून काय करू? मला काय सोयरीक जुळवायचीय व्हय त्याच्याशी?"

आमच्याकडं सुट्टी गुरुवारी. फेब्रुवारी-मार्चातल्या गुरुवारी भाऊ स्कूटरवर कस्तुरावहिनींना बसवून देहूच्या बाजूला निघायचे, भंडारा डोंगराच्या पायथ्याला, पळस बघायला. वहिनींची तोंडाची टकळी सुरू असायची. "लोकांचे नवरे सुट्टीला मॉलमध्ये नेत्यात. आमचे हे झाडाखाली उभं करत्यात. वर बघून बघून मान धरती माझी." पण डब्यात पोहे भरून त्याच तयार असायच्या, आणि एखादा गुरुवार चुकला तर शुक्रवारी त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे.

कंपनीत आमच्या कॉम्प्रेसर हाउसच्या मागं एक काटेसावर होती. कारखाना नव्हता, तिथं शेतं होती, तेव्हा ती बांधावर उभी होती. कंपाउंड घालणाऱ्या कुणा भल्या माणसानं तिला तोडलं नाही, भिंतच तिला वळसा घालून पुढं नेली. हिवाळा संपता संपता तिची पानं झडायची, एकूण एक. मग नुसतं काट्याकाट्यांचं खोड आणि आडव्या पसरलेल्या रिकाम्या फांद्या. नवखा माणूस म्हणणार, मेलं वाटतं झाड. त्या रिकाम्या फांद्यांवर सुपारीएवढ्या कळ्या धरायच्या, आणि मग पानाचा पत्ता नसताना सगळं झाड लाल व्हायचं. फूल तळहाताएवढं, पाकळ्या जाड. खाली पडलं तरी तासन् तास तसंच ताजं राहायचं.

चहाच्या सुट्टीत भाऊ कप घेऊन तिथं जायचे. तिलाही ते पळसच म्हणायचे. कळ्या आल्या का, फुगल्या का, पहिली कुठल्या फांदीला फुटते, हे त्यांचं रोजचं बघणं. फुलं आली की पाखरांची झुंबड उडायची. मागच्या वर्षी मी सोबत गेले होते, तेव्हा ते वर बघत म्हणाले, "ताई, लई चोची हलत्यात. आवाज कसा येतोय हो?"

मी म्हटलं, "मंडईत भाव ठरतोय, असा."

ते इतके हसले की कपातला चहा सांडला. सुट्टी संपेपर्यंत मी त्यांना सांगत बसले, कुठली मैना, कुठला बुलबुल, कोण कुणावर डाफरतंय. माझ्यासारख्या बाईला कुणी इतकं लक्ष देऊन ऐकत नाही, तेही ओठांकडं बघून.

आता रागाची गोष्ट. मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडं नवे प्लँट हेड आले, देवचक्केसाहेब. माणूस हुशार, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात साखर. फेब्रुवारीत परदेशातल्या एका बड्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला यायची होती, म्हणून त्यांनी साफसफाईची मोहीम काढली. पद्धत अशी की जी वस्तू कामाची वाटत नाही तिला लाल कार्ड बांधायचं. कार्डावर तीन रकाने: वस्तू, विभाग, उपयोग. मुदतीच्या आत एखाद्या विभागानं ती वस्तू आपली म्हणून सांगायची आणि उपयोग लिहून द्यायचा. नाही दिला तर वस्तू भंगारात. पद्धत वाईट नाही. मोडकी स्टुलं, जळलेले पंखे, कुणाकुणाचे फाटके गमबूट, बराच कचरा त्यात निघाला. मी स्वतः दोन कपाटं रिकामी केली.

पण कार्डं वाटणाऱ्यांना चेव चढला होता. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी ओव्हाळभाऊ माझ्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. शिफ्ट चालू असताना कॉम्प्रेसर सोडून ते कधीच येत नाहीत. धाप लागली होती.

"ताई, सावरीला कार्ड बांधलंय."

पळस नाही, पहिल्यांदाच सावर म्हणाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी जाऊन पाहिलं. खोडाला सुतळी गुंडाळून लाल कार्ड लटकवलं होतं. 'वस्तू: वाळलेले झाड.' बाकी दोन रकाने रिकामे. वर फांद्यांवर कळ्या दिसत होत्या, भरगच्च. ज्या कुणी ते कार्ड बांधलं त्यानं मान वर करायचे कष्टही घेतले नव्हते. स्टुलाला बांधतात तसं झाडाला बांधलं आणि पुढं गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊंची तर झोपच उडाली. मार्चअखेर त्यांची रिटायरमेंट होती. गेटाबाहेर गेलेल्या माणसाला कंपनी पुन्हा आत सोडत नाही, आणि भिंतीमुळं सावर रस्त्यावरून दिसत नाही. म्हणजे तिचं फुलणं बघायची त्यांची ही शेवटची खेप. आणि तीच आता कार्डाच्या मुदतीत अडकली.

मी म्हटलं, "सोपं आहे. तुमच्या विभागाचं नाव घाला, आणि उपयोगात लिहा, झाडाच्या सावलीमुळं कॉम्प्रेसरला गार हवा मिळते, विजेची बचत होते. बचत म्हटलं की साहेब लोक पाघळतात."

भाऊंनी कार्ड हातात धरून बराच विचार केला. "पर ताई, आत्ता तिला पानच न्हाई. सावली कुठनं लिवू? म्या इतकी वर्सं मीटरचा आकडा दिसंल तसा लिवला. जाताना खोटं लिवू व्हय?"

"अहो, एका झाडाचा जीव वाचतोय!"

"जीव वाचंल, पर खोटं बोलून वाचवलेल्या झाडाखाली मला चहा गोड लागंल का?"

मी चिडले. खरंच चिडले. ह्या साध्या माणसांच्या साधेपणाचाही मला कधी कधी संताप येतो. समोरचे लोक सगळा व्यवहार खोट्यावर चालवतात आणि आमच्या ह्यांना आकडा दिसेल तसाच लिहायचा! मी लॅबमध्ये निघून आले. संध्याकाळी पाहिलं तर त्यांनी कार्ड भरलं होतं. विभाग: कॉम्प्रेसर हाउस. उपयोग: फुलं बघायला. खाली नीट सही.

रोज सकाळी शिफ्टच्या आधी आमची सगळ्यांची उभ्याउभ्या मीटिंग होते. माइक असतो, सूचना देतात. दोन दिवसांनी देवचक्केसाहेब हातात लाल कार्ड घेऊन माइकपाशी आले. "आज एक गंमत वाचून दाखवतो," म्हणाले. नाव घेऊन, सावकाश, शब्द चघळत त्यांनी वाचलं, "उपयोग... फुलं... बघायला." आणि पुढं जोडलं, "ओव्हाळकाका, गार्डनमध्ये बाकडं पण टाकून देऊ का? काकूंनाही बोलवा."

हसू फुटलं. आधी ऑफिसवाले हसले, मग त्यांचं बघून लाइनवरचे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, शिट्टीही झाली. भाऊ मागच्या रांगेत होते. त्यांना ऐकू काहीच आलं नाही. त्यांनी आपलं कार्ड साहेबांच्या हातात पाहिलं, सगळ्यांची तोंडं आपल्याकडं वळलेली पाहिली, हसणं पाहिलं, टाळ्या पाहिल्या. आणि हा माणूस हात जोडून, लाजून, चहूबाजूला वाकून नमस्कार करू लागला.

त्यावर आणखी हसले.

फोर्कलिफ्ट चालवणारा सरफराज माझ्या शेजारी उभा होता. तो हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, ये ठीक नहीं हुआ."

परतीच्या बसमध्ये भाऊ खुशीत. "ताई, मंजूर झालं. कस्तुराला मेसेज धाडला. शुक्रवारी पेढं आणतो."

मी त्यांच्याकडं तोंड केलं आणि ओठ सावकाश हलवत सगळं सांगितलं. कुणी ना कुणी सांगणार होतंच, आणि दुसऱ्या कुणी चेष्टेनं सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं.

ते म्हणाले, "मग टाळ्या कशाला वाजवल्या?"

बस चिंबळी फाट्याला अडकली होती. बाहेर एक पांगारा लाल झाला होता, पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही. माझ्या ओठांकडं बघत तसेच बसून राहिले, मी अजून काही सांगेन म्हणून.

दुसरा कुणी असता तर तिथंच गप्प झाला असता. भाऊ दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मीही गेले, न बोलावता. ते म्हणाले, "साहेब, झाड तोडा. कंपनी तुमची हाय. पर कळ्या धरल्यात, तेवढी फुलं होऊन जाऊ द्या. मार्चात मी चाललो. मी गेल्यावर तोडा."

इतकंच मागणं होतं. पैसा नाही, पगारवाढ नाही, गेलेल्या कानांची भरपाई नाही. एक झाड, थोडे दिवस, जागच्या जागी.

देवचक्केसाहेब कॉम्प्युटरकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, "काका, व्हिजिटच्या वेळी फुलं खाली पडून घाण होते. घसरून पडलं कुणी तर? बघू, बघू." आणि मान हलवली. भाऊंना ओठ दिसलेच नाहीत, मान तेवढी दिसली. ते खूश होऊन बाहेर आले. मी दारातच सांगितलं की ह्या माणसाचं 'बघू' म्हणजे काही खरं नाही. तरी ते म्हणाले, "मान हलवली की त्यांनी. एवढा शिकलेला माणूस तोंडदेखलं कशाला हलवंल?"

पुढच्या गुरुवारी, सगळा कारखाना सुट्टीवर असताना, ठेकेदार आला आणि त्यानं सावर तोडली.

शुक्रवारी आम्ही बसमधून उतरलो. भाऊ नेहमीसारखे आधी मागं गेले. मी लॅबचं कुलूप उघडत होते, तर सरफराज धावत आला. गुरुवारी त्याला ओव्हरटाइमला बोलावून घेतलं होतं, खोड ओढायला. "मॅडम, क्या करता, नोकरी है. कळ्या टपाटपा माझ्या फोर्कलिफ्टच्या काचेवर पडत होत्या." मी पळत मागं गेले.

बुंध्याच्या जागी ताजं सिमेंट होतं, त्याच्या कडेनं पिवळ्या पट्ट्यांचा चौकोन आखलेला, आत पांढऱ्या अक्षरांत 'ट्रॉली पार्किंग'. इतक्या झटपट आमच्या कंपनीत दुसरं काही झालेलं मी पाहिलेलं नाही. बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार दुरुस्त करायला दोन पावसाळे गेले. भाऊ गटाराच्या कडेला बसून कळ्या गोळा करत होते. ओंजळ भरली, तर खाली ठेवायला जागा दिसेना त्यांना.

त्यातल्या चार कळ्या मी उचलल्या आणि तडक देवचक्केंच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्या काचेच्या टेबलावर एक कळी नखानं फोडली. आत लाल, ओलसर, घडी घातलेल्या पाकळ्या.

"हे वाळलेलं झाड?"

त्यांनी ठेकेदाराचा कागद पुढं केला. झाड पूर्णपणे वाळलेले असून पडण्याचा धोका आहे, सोबत फोटो. फोटो फक्त खालच्या भागाचा, कळ्यांच्या फांद्या वगळून, नुसतं उघडं खोड. खाली सही-शिक्का.

"मॅडम, इमोशनल होऊ नका. मुदत संपली होती, व्हॅलिड उपयोग आला नाही. आपण त्याच्या बदल्यात दहा रोपं लावतोय."

मी म्हटलं, "साहेब, उपयोग आला होता. तुम्ही तो माइकवर वाचला होता."

त्यावर ते म्हणाले की मी माझ्या टोनकडं लक्ष द्यावं. माझ्या टोनकडं! माणसाची शंभर लोकांपुढं थट्टा करताना ह्यांच्या टोनला काही झालं नव्हतं. त्या आठवड्यात मला लेखी समज मिळाली. ती मी घरी फ्रिजवर लावून ठेवली आहे.

सावरीचे ओंडके आणि फांद्या भंगारयार्डात टाकल्या होत्या, पत्र्याच्या कापांच्या ढिगाशेजारी. आणि मग जे झालं ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तोडलेल्या फांद्यांत ओल शिल्लक असणार. थोड्याच दिवसांत त्या आडव्या पडलेल्या फांद्यांवर कळ्या उमलल्या. बिनमुळांच्या, लोखंडाच्या कचऱ्यात पडलेल्या लाकडावर ती तळहाताएवढी लाल फुलं. सगळा कारखाना चहाच्या सुट्टीत यार्डाकडं जाऊ लागला. त्या सकाळी हसलेले लोकही गेले. फोटो काढले, स्टेटसला ठेवले. भाऊ ढिगाशेजारी उभे असत.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कुणीतरी साहेबांच्या लक्षात आणून दिलं की पाहुण्यांच्या वाटेवरून यार्डातलं लाल लांबूनही दिसतं. लगेच त्यावर निळी ताडपत्री आली. आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सरीतून भाड्यानं आणलेल्या कुंड्या लागल्या. काही रोपांना फुलं नव्हती, तर हाउसकीपिंगच्या बायकांकडून त्यांत प्लास्टिकची फुलं खोचून घेतली. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः त्यातलं एक उपटून पाहिलं, मागं किमतीचं लेबल होतं. खऱ्या फुलांवर ताडपत्री आणि खोट्यांना पाणी घालायचं! पाहुणे गेले त्याच संध्याकाळी टेम्पो आला आणि कुंड्या परत घेऊन गेला.

पाहुणे असताना चहाच्या सुट्टीत मी यार्डात गेले. भाऊ गुडघ्यांवर बसले होते. ताडपत्रीचा कोपरा हातानं उचलून, मान तिरकी करून आत बघत होते. मला पाहिल्यावर त्यांनी कोपरा आणखी वर धरला, मलाही दिसावं म्हणून. मी खाली बसले. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, इतका की त्या दिवशी लॅबमध्ये मी एकही पार्ट पास केला नाही.

पुढं भंगारवाल्याचा ट्रक आला आणि सगळं गेलं.

मार्चअखेर भाऊंचा निरोपसमारंभ झाला. कस्तुरावहिनी नवी जांभळी साडी नेसून आल्या होत्या. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, भाषणं. देवचक्केसाहेबांनी ओव्हाळकाका म्हणजे कंपनीचा कणा असं सांगितलं. आमच्याकडं नवीन रीत निघाली आहे की रिटायर होणाऱ्यानं जाताना आवारात एक रोप लावायचं. गेटाजवळ खड्डा तयार होता. त्याच्यापुढं आमच्याच प्रेसवर कापलेल्या पत्र्याची पाटी रोवलेली: 'श्री. बुद्धरत्न ओव्हाळ यांच्या हस्ते'. साहेबांनी हिरवंगार रोप पुढं केलं. फोटोवाला सरसावला.

भाऊंनी हात पाठीमागं घेतले.

"साहेब, मी झाड लावणार न्हाई."

त्यांना आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. पार प्रेसशॉपच्या दारापर्यंत ऐकू गेलं. साहेब वाकून, हसरं तोंड तसंच ठेवून म्हणाले, "काका, फक्त फोटोपुरतं."

ह्या वेळी तोंड समोर होतं. भाऊंनी ओठ नीट वाचले.

"फोटोपुरतं तर न्हाईच न्हाई. आज हे हिरवं हाय, म्हणून तुमी हातात धरलंय. ह्याचीबी पानं झडायचा दिवस येईल. तवा तुमी कार्ड बांधणार. आन् तवा मी ह्याच्याकडं बघतो, असं लिवून द्यायला मी आत नसणार. माज्या नावानं हितं आनिक एक झाड मरायला नको."

साहेब रोप घेऊन तसेच उभे. भाऊ खाली वाकले, रोवलेली पाटी दोन्ही हातांनी हलवून उपटली, रुमालानं तिची माती पुसली आणि डब्याच्या पिशवीत घातली. कस्तुरावहिनी खुर्चीवरून उठल्या. शाल आणि नारळ उचलला, घड्याळ मात्र टेबलावरच ठेवलं. तिघं मिळून आम्ही गेटाकडं चालत निघालो.

गेटवर सिक्युरिटी गार्डनं नियमाप्रमाणे पिशवी उघडून पाहिली. पाटी बाहेर काढली. "काका, हे कंपनीचं मटेरियल आहे. गेटपास लागेल."

माझं तोंड उघडलं होतं, आणि त्या दिवशी त्या गार्डचं काही खरं नव्हतं. भाऊंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी पाटीवरच्या अक्षरांखालून बोट फिरवलं, एकेक शब्द दाखवत, पार शेवटापर्यंत.

"नाव माजं हाय," ते म्हणाले. "ते मी हितं ठेवत न्हाई."

गार्डनं पाटी वाचली, परत पिशवीत ठेवली आणि गेटाचा आडवा दांडा वर केला.